इंजिनाचा भाता : रोजच्या मोटारीसाठीं सुपरचार्जरची निवड

लोहाराच्या भट्टींत कोळसा कितीहि घातला तरी भाता हालल्यावांचून लोखंड लाल होत नाहीं. मोटारीच्या इंजिनाचीहि हीच गोष्ट आहे. पेट्रोल पुरतें जळावयाचें तर त्याच्या वजनाच्या सुमारें चौदा पट हवा लागते. दट्ट्या खालीं सरकतांना नळकांड्यांत जितकी हवा ओढली जाईल, तितक्याच हवेपुरतें पेट्रोल त्या फेऱ्यांत जळूं शकतें. हीच हवा बाहेरून दाबानें कोंबली, तर त्याच इंजिनापासून अधिक शक्ति मिळते. हवा कोंबणाऱ्या या भात्याला सुपरचार्जर म्हणतात. तो इंजिनाच्याच पट्ट्यानें फिरतो. टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, एवढा दोहोंत भेद.

अमेरिकेंत 1964 च्या सुमारास बेताच्या आकाराच्या गाडींत मोठें इंजिन बसविण्याची टूम निघाली आणि पुढें अशा गाड्यांना ‘मसल कार’ हें नांव पडलें. त्याच गोतांतली फोर्ड मस्टँग 2016 सालीं उजव्या सुकाणूसह भारतांत विक्रीस आली. तिचें पांच लिटरचें आठ नळकांड्यांचें इंजिन भात्यावांचून सुमारें 400 अश्वशक्ति देतें. आतां पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें 560 मीटर उंच आहे व येथील हवेचा दाब मुंबईपेक्षां सुमारें सहा टक्के कमी असतो. म्हणजे मुंबईत 400 अश्वशक्ति देणारें इंजिन कोथरूडला पोंचेपर्यंत सुमारें 375 वर येतें. वैशाखांतील विरळ, तापलेली हवा आणखी कांहीं वजावट करते. तेव्हां अशी गाडी बाळगणाऱ्याच्या मनांत भात्याचा विचार आला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु शर्यतीची गाडी आणि रोज कचेरीला न्यावयाची गाडी यांच्यासाठीं निवडीची कसोटी एकच नसते. जाहिरातींत ठळक छापलेला अश्वशक्तीचा सर्वांत मोठा आंकडा रोजच्या गाडीला जवळजवळ निरुपयोगी असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावयास हवी.

भात्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला रूट्सचा. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांतल्या फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनीं 1860 सालीं त्याचें पेटंट घेतलें, तेव्हां मोटार जन्मासहि आली नव्हती. एका पेटींत दोन पाकळीदार लाटा एकमेकींत गुंतून फिरतात आणि पाकळ्या व पेटी यांमध्यें सांपडलेली हवा पलीकडे ढकलतात. दुसरा प्रकार जोड-स्क्रूचा. स्वीडनचे अभियंते आल्फ लिशोल्म यांच्या नांवाशीं तो निगडित आहे. यांत हवा पेटींतच पुढें सरकतां सरकतां दाबली जाते, म्हणून ती तुलनेनें कमी तापते. हे दोन्ही प्रकार प्रत्येक फेऱ्यास ठराविक हवा देतात, त्यामुळें इंजिन सावकाश फिरत असतांहि दाब तत्काळ मिळतो. तिसरा प्रकार केंद्रोत्सारी. त्यांतील पात्यांचें चाक हवा बाहेरच्या अंगास भिरकावतें. त्याचा दाब सामान्यपणें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर जो दाब मिळेल, त्याचा 3000 फेऱ्यांवर केवळ चतुर्थांश आणि 2000 फेऱ्यांवर नवमांश मिळतो.

पौड रस्त्यावरून कर्वे पुतळ्याकडे जाणारी गाडी सकाळीं दहाच्या सुमारास किती फेऱ्यांवर चालते, हें पाहिलें म्हणजे या हिशेबाचें मर्म कळतें. एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत आठ नळकांड्यांचें मोठें इंजिन क्वचितच 2500 फेऱ्यांच्या वर जातें. तेव्हां केंद्रोत्सारी भाता घेणाऱ्यानें पैसे मोजलेले असतात 6000 फेऱ्यांवरच्या शक्तीचे, आणि ती त्याला शहरांत कधीं भेटतच नाहीं. उलट, चांदणी चौकांतून महामार्गाला लागून वरचेवर दूरच्या प्रवासास जाणाऱ्याला हाच प्रकार सोयीचा पडतो. संथ चालींत तो जवळजवळ निजलेला असतो, शिवाय इंजिनाच्या पुढल्या बाजूस बसत असल्यामुळें त्याच्या डोक्यावरची उष्णता वाढवीत नाहीं. म्हणून विक्रेत्याकडे शक्तीचा आलेख मागावा आणि त्याचा 1500 ते 3500 फेऱ्यांमधला भाग आधीं वाचावा. शिखराकडे मागाहून पाहावें.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. हवा दाबली कीं तापते; सायकलच्या पंपाचें टोंक हातास चटका देतें तें याच कारणानें. बाहेरची हवा 35 अंशांची असून तिचा दाब 40 टक्क्यांनीं वाढविला, तर साध्या भात्यांतून ती सुमारें 85 अंशांवर जाऊन बाहेर पडते. तापलेली हवा फुगते, म्हणून दाब 40 टक्के वाढूनहि नळकांड्यांत जाणाऱ्या हवेचें वजन अवघें 20 टक्क्यांच्या आसपास वाढतें. मध्यें शीतक बसवून तीच हवा 50 अंशांवर आणली, तर वाढ 33 टक्क्यांपर्यंत जाते. शीतकावांचूनचा संच स्वस्त दिसतो खरा, पण त्यांत पैशाचा अर्धा मोबदला वाफेसारखा उडून जातो. रूट्स व स्क्रू हे भाते बहुधा नळकांड्यांच्या दोन रांगांमधल्या खोबणीवर बसतात. गाडी रहदारींत अडकून उभी राहिली म्हणजे खालून येणाऱ्या धगीनें तेहि तापतात. यासाठीं पाण्यानें थंड होणारा शीतक, त्याचा स्वतंत्र पंप आणि पुढच्या जाळीमागें पुरेसा मोठा रेडिएटर, हीं तिन्ही संचांत आहेत कीं नाहींत, हें पाहून घ्यावें. तसेंच, पाय हलका असतां हवा भात्यांतल्या भात्यांत परत फिरविणारी वळण-झडप असावी. ती असली म्हणजे संथ चालींत भाता इंजिनाची शक्ति फारशी खात नाहीं व पेट्रोलचा खर्चहि आवरतो.

तिसरा प्रश्न इंधनाचा. दाबलेल्या, तापलेल्या मिश्रणाचा कांहीं भाग ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच आपण होऊन भडकला, तर इंजिनांत ठोके पडूं लागतात. असे ठोके भरधाव अवस्थेंत पडत राहिले, तर दट्ट्याला भोंक पडावयास वेळ लागत नाहीं. मस्टँगसारख्या इंजिनाचें मूळचेंच संपीडन मोठें आहे. त्यावर भात्याचा दाब आला म्हणजे हा धोका वाढतो. उच्च ऑक्टेनचें पेट्रोल ठोके रोखतें. 100 ऑक्टेनचें पेट्रोल 2020 पासून पुण्यांत मिळूं लागलें, परंतु तें निवडक पंपांवरच असतें. रोजच्या गाडीनें नेहमीं एकाच पंपाच्या आशेवर राहूं नये. यास्तव संच असा घ्यावा कीं, साधें पेट्रोल भरावें लागलें तरी ठोक्यांची चाहूल लागतांच ठिणगीची वेळ आपोआप मागें घेतली जाईल. पेट्रोलमध्यें आतां 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल ठोक्यांना विरोध करतें, पण त्याच्या लिटरामागें उष्णता कमी मिळत असल्यामुळें इंधन अधिक सोडावें लागतें. म्हणून इंधनाचा पंप व फवारे मोठे आहेत किंवा नाहींत, हें भात्याइतकेंच महत्त्वाचें आहे. परदेशीं डाव्या सुकाणूच्या गाडीसाठीं बनलेला संच येथल्या उजव्या सुकाणूच्या दांड्याला अडतो काय, हेंहि मोजून घ्यावें.

यांपलीकडचा प्रश्न कायद्याचा. त्याचें उत्तर मात्र सर्वांआधीं मिळवावें लागतें. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 प्रमाणें, निर्मात्यानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं नोंदणीचा तपशील जुळणार नाहीं असा फेरबदल मालकाला करतां येत नाहीं. जानेवारी 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बेकायदा फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. गाडी दुसऱ्या इंधनावर चालविण्यासाठीं कायद्यानें वाट मोकळी ठेवली आहे, म्हणून सी.एन्.जी.चे मंजूर संच मिळतात. केवळ शक्तिवृद्धीचा उल्लेख त्या सवलतींत नाहीं.

हा निर्बंध कशासाठीं आहे, याचें उत्तर कोथरूडच्याच वेताळ टेकडीवर सांपडतें. तेथें 1966 सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. नव्या गाड्यांचे नमुने तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांपैकीं ती एक. अशा तपासणींत गाडी फिरत्या रुळांवर उभी करून ठरलेल्या क्रमानें वेग कमीजास्त करतात आणि तिचा धूर पिशव्यांत गोळा करून त्याचें पृथक्करण करतात. रस्त्याकडेच्या धूर-तपासणीच्या टपरींत पेट्रोलची गाडी उभ्या जागीं तपासली जाते. भात्याचा दाब चढल्यावर ती काय ओकते, हें तेथल्या कागदावरून कळत नाहीं. भाता बसविला कीं टेकडीवरच्या तपासणींत सिद्ध झालेला नमुना आणि रस्त्यावरची गाडी यांचा संबंध तुटतो. विमा कंपनीला न कळवितां असा बदल केल्यास अपघातानंतर भरपाईचा दावा नाकारला जाण्याची भीति राहते. आणि त्या अपघातांत दुसऱ्या कोणाचें घर बुडालेलें असूं शकतें.

तेव्हां निवडीचा क्रम उलटा करावा. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी व विमा कंपनीची संमति प्रथम लेखी मिळवावी. त्या न मिळाल्यास सार्वजनिक रस्त्यापुरता हा बेत सोडून द्यावा. मिळाल्या तर इंजिनाची आणि त्याच्या पाण्याची, तेलाची, ब्रेकची प्रकृति तपासून घ्यावी. गाडी मुख्यतः शहरांत चालत असेल तर बेताच्या दाबाचा, शीतक व वळण-झडप असलेला स्क्रू किंवा सुधारलेला रूट्स पद्धतीचा भाता योग्य. महामार्गावर अधिक चालत असेल तर केंद्रोत्सारी. दाब निर्माता सांगेल त्याहून वाढविण्यासाठीं लहान कप्पी बसविण्याचा मोह आवरावा. अश्वशक्तीचा आंकडा सर्वांत शेवटीं विचारावा. तोंवर बहुतेक संच यादींतून गळालेले असतील, आणि जो उरेल त्याचा आंकडा जाहिरातींतल्यापेक्षां पुष्कळच लहान असेल.