विमानाचा ब्रेक दुचाकीपर्यंत येताना

ओल्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानाचं चाक ब्रेकने जाम झालं, की टायर घासून फुटतो आणि विमान घसरत जातं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने यावर ‘मॅक्सारेट’ नावाचं उपकरण काढलं. चाकाबरोबर फिरणारं एक फ्लायव्हील, बस्स. चाक एकाएकी मंदावलं तरी फ्लायव्हील आपल्या गतीने पुढे जातं, त्या फरकाने झडप उघडते, ब्रेकमधल्या तेलाचा दाब उतरतो आणि चाक पुन्हा फिरू लागतं. आजच्या एबीएसचं, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेचं, मूळ हेच.

ते रस्त्यावर यायला वेळ लागावा असं काही नव्हतं. १९५८ मध्येच ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने मॅक्सारेट रॉयल एनफिल्डच्या ‘सुपर मिटिऑर’ मोटारसायकलवर बसवून पाहिलं. निसरड्या रस्त्यावर गाडी लवकर थांबत होती, घसरणं टळत होतं. तरीही एनफिल्डने ते उत्पादनात घेतलं नाही. ही संधी हातची गेली, याची हळहळ मला आजही वाटते. कारण चाक जाम झालं तर चारचाकी घसरते, दुचाकीस्वार मात्र थेट रस्त्यावर आपटतो.

पुढे लाभ झाला तो महागड्या मोटारींना. १९६६ची ‘जेन्सन एफएफ’ मॅक्सारेट घेऊन आली, पण अशा गाड्या जेमतेम ३२० बनल्या. १९७८ मध्ये बॉशने फ्लायव्हीलऐवजी सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणलं, तेही आधी मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. मोटारसायकलला इलेक्ट्रॉनिक एबीएस मिळालं १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूकडून.

आपल्याकडे टीव्हीएसने २०११ मध्ये अपाचेवर ते दिलं. सक्ती झाली एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व दुचाकींना. २०२३ मध्ये एनफिल्डची नवी ‘सुपर मिटिऑर ६५०’ भारतात विक्रीला आली, ती दोन्ही चाकांच्या एबीएससह.

सक्तीच्या त्या नियमात १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना मात्र सूट होती. कॉलेजला, कामाला, बाजाराला जाणारी माणसं ज्यांवर बसतात त्याच या गाड्या. शिवाय अनेक मोटारसायकलींवर एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. तेव्हा गाडी घेताना रंग आणि मायलेजच्या आधी एवढं विचारा: एबीएस आहे का, आणि दोन्ही चाकांना आहे का?