रंगाची हद्द

खोली रंगवताना रंगाऱ्याचा खरा वेळ भिंतीच्या मोकळ्या पृष्ठभागावर जात नाही. तो जातो भिंत जिथे दाराच्या चौकटीला, खिडकीला, छताला किंवा फरशीला भिडते त्या कडांवर. नांदेड जिल्ह्यातील मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावातील नव्या घरात दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी एक साधी खोली धरली, तर तिच्या भिंतींचे क्षेत्रफळ दार-खिडकीसह ४०० चौरस फूट भरते. त्याच खोलीत छताच्या कडेने ४० फूट, फरशीलगत ३७ फूट, दाराच्या चौकटीभोवती १७ फूट आणि चार फुटी चौकोनी खिडकीभोवती १६ फूट अशी एकूण ११० फूट लांबीची रेघ ब्रशने, हात थरथरू न देता, सांभाळावी लागते. या कामाला रंगारी ‘कटिंग’ म्हणतात. कामाचा दर मात्र चौरस फुटावर ठरतो आणि या ११० फुटांचा हिशोब वेगळा कुठेच धरला जात नाही. ही रेघ सोपी जाणार की जिकिरीची, हे गवंडी आणि सुतार यांनी रंगारी येण्याआधीच ठरवून टाकलेले असते, आणि घर बांधणाऱ्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष नेमके याच गोष्टीकडे होते.

रेघ जराशी चुकली तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. पण मानवी डोळा या बाबतीत फार कठोर परीक्षक आहे. सरळ रेषेत पडलेला बारीकसा खंड किंवा सरक ओळखण्याच्या क्षमतेला दृष्टिशास्त्रात ‘व्हर्नियर तीक्ष्णता’ म्हणतात. ही क्षमता डोळ्याच्या पडद्यावरील दोन शेजारच्या पेशींमधील अंतराहूनही सूक्ष्म असून अनुकूल प्रकाशात ती १० विकलांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी, भरते. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. या मापाने ३ मीटरवरून पाहणाऱ्याला रेषेतील मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढी सरकसुद्धा जाणवू शकते. पांढरी भिंत आणि गडद तपकिरी चौकट एकाच पातळीत भिडली असतील, तर ब्रशची प्रत्येक थरथर म्हणूनच उघडी पडते.

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. लाकडी खांब आणि तुळया यांवर मातीचे सपाट छत, म्हणजे माळवद, तोललेले असे आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्याभोवती उभ्या राहत. लाकडाला तेलपाणी आणि भिंतीला चुना किंवा पांढरी माती, अशी विभागणी पदार्थानुसार आपोआप होत असे. भिंतीच्या पायथ्याशी ओढलेला गेरूचा पट्टा तर शुद्ध उपयोगाचा होता. सारवताना उडणारे शेणामातीचे शिंतोडे आणि पायांचे, केरसुणीचे डाग त्यात लपून जात आणि पांढऱ्या चुन्याची सीमा जमिनीपासून वीतभर, हातभर वर सरकल्यामुळे चुना देणाऱ्याला फरशी किंवा सारवण जपत बसावे लागत नसे. आज तेच काम तळपट्टी करते. भिंतीच्या पायथ्याशी बसवलेली, साधारण चार इंच उंचीची फरशीची ही पट्टी बांधकामावर ‘स्कर्टिंग’ म्हणून ओळखली जाते आणि या भागात ती पुष्कळदा करड्या शहाबादी फरशीची असते. गेरूच्या पट्ट्यातील शहाणपण तळपट्टीत पुरते उतरलेले नाही, कारण ती भिंतीच्या पातळीबाहेर अर्धा इंच येते, तिच्या सपाट माथ्यावर धूळ आणि रंगाचे थेंब साचतात आणि रंगाऱ्याला आधी खरवडावे लागते. तिचा माथा किंचित उतरता घासून घेतला, किंवा ती गिलाव्याच्या पातळीत बसवून वर बारीक खाच सोडली, तर ही कटकट उरत नाही.

खाच सोडण्यामागचे कारण केवळ दिसण्याचे नाही. नांदेड जिल्ह्याच्या मोठ्या भागातील काळ्या जमिनीत स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजे भरपूर असतात. त्यांच्या स्फटिकांच्या थरांमध्ये पाणी शिरले की ती फुगतात आणि पाणी निघून गेले की आकसतात. पाया पुरेसा खोल आणि भक्कम नसेल, तर पावसाळा आणि उन्हाळा यांच्या दरम्यान घर थोडेथोडे हलत राहते आणि ताण मोकळा होतो तो सर्वांत दुबळ्या जागी, म्हणजे लाकूड आणि गिलावा यांच्या सांध्यात. त्यात लाकडाची स्वतःची हालचाल असते. लाकडांमध्ये कमी हलणारे म्हणून नावाजलेले सागवानसुद्धा ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वर्षवलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. वाळवून बसवलेल्या १०० मिलिमीटर रुंद चौकटीतील ओलावा पावसाळ्यातून उन्हाळ्यात येताना पाच टक्क्यांनी घटला, तर स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेल्या लाकडात सुमारे १ मिलिमीटरचा फरक पडतो. रंगाचा थर मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून साधारणतः पातळ असल्यामुळे तो या ओढीला टिकत नाही आणि चौकटीच्या कडेने केसासारखी भेग उमटते.

गिलावा ओला असतानाच चौकटीभोवती सुमारे १० मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल खाच काढली, तर भेग त्या खाचेच्या तळाशी, सावलीत पडते. भिंतीचा रंग एका काठावर संपतो, चौकटीचा दुसऱ्यावर, आणि मधल्या अंधाऱ्या पट्टीमुळे दोन रंगांची तुलना करायला डोळ्याला सामायिक रेषाच उरत नाही. गवंड्याला यासाठी पट्टी धरून थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. तो वेळ पुढच्या प्रत्येक रंगकामात वसूल होतो.

ज्यांना खाच नको आणि सांध्यावर लाकडी पट्टी, म्हणजे मोल्डिंग, हवी असते, त्यांनी तिच्या छेदाकडे नीट पाहावे. ओल्या रंगाचा पृष्ठताण रंगाला धारदार बाह्य कडेवरून मागे खेचतो, त्यामुळे तिथे थर सर्वांत पातळ राहतो आणि पहिल्यांदा उडतो. उलट आतल्या अरुंद कोपऱ्यात रंग गोळा होतो आणि ओघळ धरतो. पोलादी बांधकामाला गंजरोधक रंग देताना कडांना निदान २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मानकांत याच कारणासाठी आहे. लाकडी पट्टीलाही हाच नियम लागू पडतो: नक्षी थोडी, वळणे उथळ, कडा पॉलिश पेपरने मारलेल्या. पट्टीवर वेलबुट्टी जितकी अधिक, तितके ब्रशचे केस तिच्यात अडकणार.

मास्किंग टेपने हे सारे टळते, ही समजूत अर्धीच खरी आहे. ही चिकटपट्टी अमेरिकेतील थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ साली, मोटारींना दोन रंग देणाऱ्या कारागिरांची अडचण पाहून तयार केली. म्हणजे ती गुळगुळीत पत्र्यासाठी होती. वाळूच्या गिलाव्यावर टेपखाली सूक्ष्म फटी राहतात आणि केशाकर्षणाने रंग त्यांत ओढला जातो. फट जितकी अरुंद, तितकी ओढ अधिक. टेप लावल्यावर तिच्या काठावर आधी भिंतीच्याच रंगाचा एक हात दिला, तर त्या फटी त्याच रंगाने बुजतात आणि नंतरचा गडद रंग आत शिरत नाही. चुन्याच्या भिंतीवर टेप मुळीच चालत नाही, कारण टेप ओढताना चुन्याची पापुद्रीही सोबत येते. तिथे रंगात भिजवलेला दोरा ताणून भिंतीवर आपटून रेघ उमटवण्याची जुनी पद्धतच अधिक भरवशाची आहे.

राहिलेल्या घरांत, जिथे गिलावा कधीच पुरा झाला आहे आणि चौकटीभोवती भेगा पडल्या आहेत, तिथे लांबी किंवा पुट्टी भरणे व्यर्थ ठरते, कारण दोन्ही कडक होतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा फुटतात. भेग किंचित रुंद करून, धूळ झाडून, त्यात लवचिक अ‍ॅक्रिलिक सीलंट भरावे आणि ते सुकल्यावर रंग द्यावा. दुकानात शेजारीच ठेवलेले साधे सिलिकॉन मात्र टाळावे, कारण त्याच्यावर रंग धरत नाही. हे काम उन्हाळ्याच्या अखेरीस, लाकूड सर्वाधिक आकसलेले आणि भेग सर्वांत रुंद असताना करावे. मग पावसाळ्यात लाकूड फुगले तरी सीलंट फक्त दाबले जाते, ताणले जात नाही.