पेवातली हवा



एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला, की ‘तिचे पेव फुटले’ असे आपण सहज म्हणतो. पण खरे पेव ज्याने पाहिले आहे, तो त्याच्या तोंडाशी जपूनच उभा राहतो. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. हळदीच्या पेवांसाठी हे गाव नावाजलेले. माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, खाली वीस-पंचवीस फूट खोली आणि पोट ऐसपैस. हळद भरून तोंड माती घालून बंद केले, की वर्षानुवर्षे हळकुंडाला कीड नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली. पण पेवाने शिकवलेला धडा आजही तितकाच खरा आहे.

कीड का लागत नाही? आतला प्राणवायू हळूहळू संपतो म्हणून. आता तुम्हीच सांगा, जी हवा किड्याला पुरत नाही, ती माणसाला कशी पुरेल? म्हणून जाणती माणसे पेव उघडले की लगेच उतरत नाहीत. तोंड बराच वेळ मोकळे ठेवतात, कंदील खाली सोडून पाहतात, आणि मगच दोर धरतात.

हेच गणित बंद विहिरीला, भुयाराला, संकटकाळी आसऱ्यासाठी खोदलेल्या तळघरालाही लागू आहे. बाहेरच्या हवेत शंभरात सुमारे एकवीस भाग प्राणवायू असतो आणि कार्बन डायऑक्साइड अगदी नावापुरता. आपण सोडलेल्या श्वासात मात्र त्याचे चार भाग असतात. समजा, दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत दहा माणसे बसली. निवांत बसलेला माणूस तासाला सुमारे वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चारेक तासांत त्या हवेत शंभरात तीन भाग हा वायू होतो. डोके दुखू लागते, धाप लागते. गंमत अशी, की तेव्हा प्राणवायू अजून सतरा-अठरा भाग शिल्लक असतो. म्हणजे माणूस गुदमरतो तो आधी स्वतःच्याच श्वासाने!

मग उपाय काय? एक भोक पुरत नाही, दोन लागतात. एक जमिनीलगत, ताज्या हवेसाठी. दुसरे समोरच्या बाजूला छताशी, तापलेल्या हवेसाठी. अंगाच्या उबेने हवा वर चढते आणि खालून नवी येते. माणसे जास्त असतील तर पंखा हवाच. माणशी मिनिटाला निदान तीन घनफूट ताजी हवा, असा हिशेब अमेरिकेत १९६० च्या दशकात अशा आसऱ्यांसाठी धरत असत. कोयनेच्या पाण्यावर चालणारे पोफळीचे वीजघर डोंगराच्या पोटात आहे. १९६२ पासून तिथे वीज निघते. हवा खेळती ठेवली म्हणूनच माणसाला तिथे दिवसरात्र काम करता येते.

कंदिलाबद्दल मात्र एक गोष्ट गाठीला बांधा. कंदील विझला तर उतरू नका, हे खरे. पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असे नाही. विषारी वायू त्याला कळत नाही. आणि गोबरगॅसच्या किंवा संडासाच्या टाकीत तर दिवा नेऊच नये, भडका उडतो. अशा ठिकाणी वायू मोजण्याचे यंत्रच हवे. विहिरीच्या तळाशी तेलाचे इंजिनही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो नि रंगही नसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. खाली एक माणूस कोसळला, की दुसरा धावत उतरतो, मग त्याच्यामागून तिसरा. भाऊ भावासाठी जातो आणि एका घरातली दोन-तीन माणसे जातात. अशा वेळी काळीज घट्ट करा. उतरू नका. वरून पंख्याने लांब नळीतून तळापर्यंत हवा सोडा आणि ११२ वर खबर द्या. आधीच खबरदारी घ्यायची तर पहिल्या माणसाच्या अंगाला दोर बांधूनच त्याला खाली सोडा, आणि वर दोन धट्टीकट्टी माणसे उभी ठेवा. मग त्याला ओढून घेता येते, कुणाला उतरावे लागत नाही.

गुरुजी, हे मुलांना दाखवायला सोपे आहे. उंच बरणीच्या तळाशी थोडा खायचा सोडा घाला, त्यावर लिंबू पिळा. फेस बसला, की तारेला अडकवलेली पेटती मेणबत्ती हळूच आत सोडा. तोंडाशी ज्योत छान जळते, तळाकडे जाताच विझते. तो वायू हवेच्या दीडपट जड असल्याने खाली बसून राहतो. डोळ्यांना मात्र बरणी रिकामीच दिसते. मुलांना एवढेच विचारा, “ही बरणी म्हणजे आपली विहीर असती तर?” उत्तर ती स्वतःच देतील, आणि घरी जाऊन सांगतीलही.