विंचेस्टर १८७६ : कालबाह्य काडतूस आणि सुरक्षिततेचा प्रश्न

अमेरिकेतील विंचेस्टर १८७६ ही तरफेवर चालणारी रायफल होय. तिच्या '.४५-७५' या काडतुसाच्या नावातील ४५ हा आकडा गोळीचा व्यास इंचाच्या शतांशांत, तर ७५ हा काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये दर्शवितो. १९६८ च्या अमेरिकी संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंतची शस्त्रे 'पुरातन' ठरतात. त्यामुळे खरेदी सुलभ होते. राज्यांचे नियम मात्र भिन्न आहेत.

तथापि, ही सवलत सुरक्षिततेची हमी नव्हे. या रायफलीची सांधेजोड यंत्रणा काळ्या दारूच्या मर्यादित दाबासाठीच आहे. धूरविरहित दारूचा वाढीव दाब नेमबाजाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून वापरापूर्वी शस्त्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आणि वापरानंतर ओलावा शोषणारी काजळी त्वरित धुणे अनिवार्य ठरते.