आरशाचा कॅमेरा कीं बिनआरशाचा?

घरांत एखादी मोलाची वस्तु घ्यावयाची ठरली म्हणजे एकत्र कुटुंबांत जितकीं माणसें तितकीं मतें निघावयाचीं, हा अनुभव बहुतेक वाचकांना असेलच. आमच्याकडे गेल्या वैशाखांत असाच प्रसंग आला. पाबळचा आमचा वडिलोपार्जित वाडा पावसाळ्यापूर्वीं उतरवून घ्यावा, असें सर्व भावांनीं मिळून ठरविलें होतें. तुळयांना वाळवी लागली होती; मागील पडवी तर दोन वर्षांपूर्वींच बसली होती. सागवानी खांबांचा व दारांचा सौदा होऊन जो विसार हातीं आला, त्यांतून 70,000 रुपये बाजूला काढून एक चांगला कॅमेरा घ्यावा आणि वाडा उभा आहे तोंवर त्याचीं छायाचित्रें काढून ठेवावीं, ही सूचना वडील वहिनींची. ती सर्वांना मान्य झाली. मतभेद झाला तो पुढें. कॅमेरा घ्यावयाचा, पण कोणता?

आमचे दादा जुन्या शिस्तीचे. वस्तु एकदांच घ्यावी आणि उत्तमांतली घ्यावी, हा त्यांचा बाणा. "घ्यावयाचा तर फुल-फ्रेम डीएसएलआरच घ्या. जुना मिळाला तरी चालेल, पण यंत्र भारी पाहिजे," असें त्यांनीं पहिल्याच बैठकींत सांगून टाकलें. त्यांच्या चिरंजीवांचें म्हणणें अगदीं उलट. "बाबा, तो दीड-दोन किलोंचा धोंडा गळ्यांत अडकवून दिवसभर हिंडणार कोण? तुम्ही कीं मी? लहानसा मिररलेस घेऊं. तो निदान कपाटाबाहेर तरी निघेल." घरचा जमाखर्च माझ्याकडे असल्यामुळें दोन्ही पक्ष माझ्या तोंडाकडे पाहूं लागले, आणि मला तर त्यांतलें फारसें कांहीं कळत नव्हतें.

वाद केवळ हौसेचा असता तर मीं तो तसाच राहूं दिला असता. परंतु आमच्या आत्याबाईंचें वय आज 89 वर्षांचें आहे. त्या वाड्यांत जन्मलेल्यांपैकीं आतां त्या एकट्याच राहिल्या आहेत. जातें कोठें रोवलेलें होतें, कोणत्या कोनाड्यांत दिवा लागे, बाळंतिणीची खोली कोणती, हें सांगणारें दुसरें माणूस नाहीं. घरांत एक जुनें समूहचित्रही आहे. त्यांत चौदा माणसें आहेत, आणि पाठीमागें एकाचेंही नांव लिहिलेलें नाहीं. वाडा उतरल्यावर आत्याबाईंना कोणती भिंत दाखवून काय विचारणार? काम एकदांच व्हावयाचें होतें. तें बिघडलें तर पुन्हां संधि नव्हती.

तेव्हां प्रथम या दोन यंत्रांत फरक काय, तो समजून घेतला. डीएसएलआर कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें एक आरसा तिरपा बसविलेला असतो. भिंगांतून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर जातो, माथ्यावरील लोलकांतून वळतो आणि आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून समोरचें दृश्य जसेंच्या तसें दिसतें. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, आणि प्रकाश मागील सेन्सरवर, म्हणजे ज्या पाटीवर चित्र उमटतें तिच्यावर पडतो. "खट्" असा जो आवाज होतो त्यांत मोठा भाग या आरशाचा. मिररलेसमध्यें आरसाच काढून टाकलेला आहे. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो, आणि तेथें उमटणारें चित्र आपण एका लहानशा पडद्यावर पाहतों. आरशाची जागा वांचल्यामुळें भिंग सेन्सरच्या जवळ आणतां येतें. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगाची बैठक सेन्सरपासून 46.5 मिलिमीटरवर असते. त्याच कारखान्याच्या बिनआरशाच्या झेड मालिकेंत ती 16 मिलिमीटरवर आहे. यंत्र सडपातळ होतें तें यामुळें.

आतां "फुल-फ्रेम" म्हणजे काय? हें आरशाचें नांव नव्हे. पाटीच्या आकाराचें नांव आहे. दादासाहेब फाळके यांनीं 1912 सालीं लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 35 मिलिमीटर रुंदीच्या फितीवर "राजा हरिश्चंद्र" टिपून 1913 सालीं लोकांपुढें ठेवला. त्याच रुंदीच्या सिनेमाच्या फितीवर दोन चौकटींची जागा एकत्र करून जर्मनींतील ऑस्कर बार्नाक यानें 36 × 24 मिलिमीटरचें चित्र घेणारा लहान कॅमेरा बनविला. तो 1925 सालीं लायका या नांवानें बाजारांत आला. तो आकार पुढें रूढ झाला, आणि आज तेवढ्याच सेन्सरला फुल-फ्रेम म्हणतात. म्हणजे दादांना जी भारी यंत्राची खूण वाटत होती, ती मुळांत सुटसुटीत यंत्रासाठींच निघालेली होती! लहान मिररलेस कॅमेऱ्यांत बहुधा एपीएस-सी आकाराचा, सुमारें 23.5 × 15.6 मिलिमीटरचा सेन्सर असतो. क्षेत्रफळ काढलें तर फुल-फ्रेमचें 864 चौरस मिलिमीटर, आणि याचें सुमारें 367. पहिलें दुसऱ्याच्या सव्वादोन पटींहून थोडें अधिक भरतें.

वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, आमच्या वादांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. आरसा हवा कीं नको, हा एक. सेन्सर मोठा हवा कीं लहान, हा दुसरा. 2013 सालीं सोनीनें फुल-फ्रेम सेन्सरचा बिनआरशाचा कॅमेरा काढला, आणि 2018 सालीं निकॉन व कॅनन त्याच वाटेनें गेले. मोठ्या सेन्सरसाठीं आरसा पाहिजेच, असें आतां राहिलेलें नाहीं. परंतु तसले नवे कॅमेरे चांगल्या भिंगासह आमच्या रकमेंत बसत ना. म्हणून जुना फुल-फ्रेम डीएसएलआर किंवा लहान सेन्सरचा मिररलेस, एवढेच दोन पर्याय आमच्यापुढें उरले.

पाबळ हें शिरूर तालुक्यांतील, कमी पावसाच्या मुलखांतलें गांव. पुण्यापासून सुमारें 60 किलोमीटर. बाहेरच्या लोकांना तें दोन कारणांनीं ठाऊक असतें. 1740 सालीं निवर्तलेल्या मस्तानीची कबर येथें आहे, आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं 1983 सालीं स्थापन केलेला विज्ञान आश्रमही येथेंच आहे. हातानें काम करीत शिकावें, हें त्या आश्रमाचें सूत्र. आमच्या सूनबाई शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितात. त्यांनीं तेंच सूत्र पुढें केलें. "मामंजी, माहितीपत्रकें वाचून काय होणार? दोन्ही कॅमेरे दोन दिवस मागून आणूं आणि वाड्यांतच पारखून पाहूं." दादांच्या मेहुण्यांकडून मोठा आला, चिरंजीवांच्या मित्राकडून लहान, आणि आम्ही सारे आत्याबाईंना घेऊन पाबळास गेलों.

पहिली परीक्षा स्वयंपाकघरांतल्या काट्यावर झाली. मोठा भिंगासकट 1,700 ग्रॅम भरला, लहान 560. सकाळीं कबरीकडे गेलों. ऊन चढलें होतें. भिंतीची दाट सावली आणि लखलखणारें आंगण एकाच चित्रांत धरणें कठीण जात होतें. मिररलेसमध्यें चित्र किती उजळ वा काळें येणार, हें कळ दाबण्यापूर्वींच दिसे. डीएसएलआरमध्यें आधीं चित्र घेऊन मग तपासावें लागे. उलट, डोळा लावून पाहण्याचें सुख आरशाच्या कॅमेऱ्यांतच अधिक, हें चिरंजीवांनींही कबूल केलें. परत येतांना दादांनीं कॅमेऱ्याचा पट्टा तीनदां या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, आणि वेशीपाशीं तो मुकाट्यानें माझ्या हातीं दिला. त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं, आम्हींही नाहीं.

दुसरी परीक्षा देवघरांत, समईच्या उजेडांत. येथें मोठा सेन्सर बाजी मारणार, अशी दादांची खात्री होती. परंतु मोठ्या कॅमेऱ्याचें चित्र अंधुक आणि दाणेदार आलें, लहानाचें स्वच्छ! दादा चकित झाले. सूनबाईंनीं भिंगांवरील आंकडे दाखविले. मोठ्याचें भिंग एफ/4 होतें, लहानाचें एफ/1.8. हा आंकडा जितका लहान, तितकें प्रकाशाचें द्वार मोठें. आणि प्रकाश त्या आंकड्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. चाराला 1.8 नें भागून वर्ग केला तर उत्तर जवळजवळ पांच येतें. म्हणजे लहान कॅमेऱ्याच्या पाटीवर जागोजागीं पांचपट प्रकाश पडत होता. पाटी लहान असूनही एकूण प्रकाश दुपटीच्या घरांत गेला. पुढें मेहुण्यांच्या पेटींतील 50 मिलिमीटरचें एफ/1.8 भिंग मोठ्या कॅमेऱ्यास लावलें, तेव्हां मात्र त्याचेंच चित्र सरस ठरलें, हेंही सांगितलें पाहिजे. खांबांवरील कोरीव काम, दारें, जुने कागद यांसाठीं कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पडदा सावकाश उघडा ठेवला, तर दोहोंच्या चित्रांत आम्हांला फरक सांगतां येईना. यावरून मीं एवढें टिपून ठेवलें कीं, पैसा आधीं भिंगाकडे जावा, मग यंत्राकडे.

तिसरी परीक्षा आत्याबाईंची. दुपारीं त्यांना माजघरांत बसविलें. दादांनीं मोठा कॅमेरा डोळ्याला लावला. आत्याबाईंनीं पदर सारखा केला, पाठ ताठ केली, तोंड मिटलें. खट् आवाज झाला. "झालें का रे?" त्यांनीं विचारलें, नाहीं म्हटल्यावर पुन्हां तशाच बसल्या. पांच-सहा चित्रें निघालीं. सारीं स्पष्ट, आणि सारीं एखाद्या परक्या बाईचीं.

थोड्या वेळानें चिरंजीवांनीं लहान कॅमेरा मांडीवर घेतला, आवाज बंद केला आणि पडदा वर कलता करून ते नुसते बसून राहिले. वहिनींनीं सहज विचारलें, "आत्याबाई, जातें कोठें होतें हो?" आत्याबाई उठल्या, कोपऱ्यांत जाऊन वांकल्या आणि जमिनीवर बोटांनीं चांचपूं लागल्या. "येथें. ही बघ खळगी. आई पहाटे दळीत असे आणि मी तिच्या मांडीवर डोकें ठेवून निजत असें. पीठ केसांत पडे." त्या बोलत राहिल्या, आणि कॅमेरा चालू आहे याचें भान त्यांना राहिलें नाहीं. संध्याकाळीं तें चित्र पाहतांना दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही आमची आत्या. हाच घ्या."

म्हणून डीएसएलआर निरुपयोगी, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. लग्नमुंजींत दिवसभर उभें राहून काम करणाऱ्याला त्याची भरदार मूठ व टिकाऊ बॅटरी यांचा आधार वाटतो. निकॉनचा डी850 एका भारणींत 1,840 चित्रें घेतो, सोनीचा ए6400 सुमारें 400, असे कारखान्यांचे प्रमाणित आंकडे आहेत. मिररलेस घेणाऱ्यानें जादा बॅटरी घेतलीच पाहिजे. 2020 नंतर निकॉन व कॅनन यांनीं नवा डीएसएलआर काढलेला नाहीं. त्यामुळें जुन्या बाजारांत चांगलीं यंत्रें व भिंगें बेताच्या किंमतींत मिळतात. घेतांना पडदा किती वेळां उघडला आहे तो आंकडा विचारावा, आणि भिंग उजेडासमोर धरून आंत बुरशीचे धागे नाहींत ना, तें पाहावें. आपल्याकडे पावसाळ्यांत कोणतेंही भिंग हवाबंद डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. मिररलेसचा मूकपणाही सर्वत्र उपयोगी नाहीं. ट्यूबलाइटखालीं त्यानें कधीं कधीं चित्रावर पट्टे उमटतात. आणि ज्याला जवळच्या मोराची चिंचोलीस जाऊन मोर टिपावयाचे आहेत, त्याचें लांब पल्ल्याचें भिंगच एवढें जड असतें कीं, लहान यंत्राचा लाभ तेथें फारसा उरत नाहीं.

आम्हीं लहान मिररलेस, एफ/1.8 चें भिंग, तिकाटणें व दोन जादा बॅटऱ्या घेतल्या. उरलेल्या पैशांतून निवडक साठ चित्रें कागदावर छापून घेतलीं. आतां वाडा उतरला आहे. छापलेलीं चित्रें आणि तें जुनें समूहचित्र घेऊन आत्याबाईंजवळ चार दुपारी बसलों. त्यांनीं सांगावें आणि वहिनींनीं पाठीमागें मऊ पेन्सिलीनें नांव, नातें व जागा लिहावी, असा क्रम ठेवला. समूहचित्रांतील चौदांपैकीं अकरा माणसें आत्याबाईंनीं ओळखलीं. उरलेल्या तिघांच्या चेहऱ्यांवर त्यांनीं पुन्हां पुन्हां बोट ठेवलें आणि मान हलविली. तीं नांवें त्यांच्या थोरल्या भावाला ठाऊक होतीं; त्याला आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

वाचकांच्या घरीं असा वाद निघाल्यास तो आठ दिवसांहून अधिक चालूं देऊं नये. दोन्ही यंत्रें मागून आणावीं, घरांतल्या सर्वांत अंधाऱ्या खोलींत आणि सर्वांत वडील माणसापुढें पारखावीं, जें हातीं राहील तें घ्यावें, आणि नांवें लिहावयास त्याच दिवशीं बसावें.