पुलाचे कर्ज

बँकेत असताना मी पुष्कळ ‘ब्रिज लोन’ दिली. मुख्य कर्ज मंजूर असते, पण पैसे हाती पडायला अवकाश असतो. तोवर काम अडू नये म्हणून केलेली ही सोय. अट एकच. मोठी रक्कम कधी येणार, त्याचा कागद दाखवायचा.

द्रवरूप नैसर्गिक वायूला, म्हणजे एलएनजीला, जगभर ‘पूल’ म्हणतात तेव्हा मला ती अट आठवते. कोळसा सोडून ऊन-वाऱ्याच्या विजेपर्यंत पोहोचेतो मधला काळ या वायूवर काढायचा, असा हिशेब. उणे १६२ अंशांपर्यंत गार केला की त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी आटते आणि तो जहाजातून आणता येतो. वीज करताना कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. आम्हा नांदेड-लातूरकरांना त्यात आणखी एक गोष्ट दिसते : पाणी. पाण्याअभावी शेजारच्या परळीचे औष्णिक केंद्र २०१३ मध्ये बंद पडले, २०१५ मध्ये पुन्हा. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आले. वायूवरच्या केंद्राला पाणी बरेच कमी लागते. कर्जदार तसा बरा म्हणायचा.

पण त्याचे जुने खाते उघडून पाहावे. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला तो नाफ्थ्यावर, आणि २००१ मध्ये दराच्या वादात बंद पडला. तिथे एलएनजीचे जहाज लागायला २०१३ साल उजाडले. लाटा अडवणारा बांध अपुरा, म्हणून पुढेही कित्येक वर्षे पावसाळ्यात काम बंदच. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि वायूचे भाव भडकून जहाजे युरोपकडे वळली. शिवाय वाटेत मिथेन गळला, तर वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. मग निम्म्याचा फायदा उरतो किती?

नांदेडकडच्या एका खेड्यात मी गोबरगॅससाठी कर्ज दिले होते. दुष्काळात वसुलीला गेलो तर टाकी कोरडी, आणि म्हातारी चुलीत तुऱ्हाट्या सारत बसलेली. “साहेब, जनावरं इकली. आता गॅस कशाचा व्हावा?” परदेशी वायूचे भाव वाचताना मला तो रिकामा गोठा दिसतो.

आता कागदाचे. कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्यासाठी भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला २०७० हे साल सांगितले. इतक्या लांबच्या तारखेवर मी तरी सही केली नसती. मधले हप्ते विचारले असते : परळीचा कोणता संच कोणत्या वर्षी थांबणार, आणि त्या दिवशी लातूरच्या मोटारी कशावर चालणार?