विश्लेषण : फोटोशॉप नसताना झाड हवेत कसे तरंगले? कृष्णधवल जोडचित्रांचे तंत्र काय आहे?

अधांतरी तरंगणारे झाड, छताऐवजी ढगांनी भरलेले आकाश असलेली अभ्यासिका, झाडाच्या मुळांतून वर उगवलेले घर. अशी चित्रे आज मोबाइलवर दिसली, तर ‘एआयने केले असेल’ म्हणून आपण पुढे सरकतो. पण अमेरिकी छायाचित्रकार जेरी युल्समन यांनी ती संगणकाला हातही न लावता घडवली. ती कशी घडली, हे समजून घेतले तर आजच्या बनावट छायाचित्रांकडे पाहण्याची नजरही बदलते.

कोण होते युल्समन?

१९३४ मध्ये डेट्रॉइट येथे जन्मलेले युल्समन १९६० पासून फ्लोरिडा विद्यापीठात छायाचित्रण शिकवत. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे एकल प्रदर्शन भरले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. अॅन्सेल अॅडम्स यांच्यासारख्या दिग्गजांचा आग्रह असे, की शटर दाबण्यापूर्वीच अंतिम चित्र मनात तयार हवे. युल्समन यांचे म्हणणे उलट होते. कॅमेऱ्यातून मिळतो तो कच्चा माल, चित्राचा शोध डार्करूममध्येही सुरू राहू शकतो. या विचाराला त्यांनी ‘पोस्ट-व्हिज्युअलायझेशन’ असे नाव दिले.

डार्करूममध्ये नेमके काय घडते?

निगेटिव्हमधून प्रकाश सोडून खालच्या प्रकाशसंवेदी कागदावर मोठी प्रतिमा पाडणारे यंत्र म्हणजे एनलार्जर. एरवी छायाचित्रकाराचे काम एका एनलार्जरवर भागते. युल्समन यांच्याकडे ते अर्ध्या डझनाहून अधिक होते आणि प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह लावलेली असे. समजा, तळ्यावर झाड तरंगवायचे आहे. पहिल्या एनलार्जरखाली झाडाची प्रतिमा कागदावर पाडायची. त्या वेळी कागदाचा खालचा भाग पुठ्ठ्याने झाकायचा. मग तोच कागद दुसऱ्या एनलार्जरखाली न्यायचा, वरचा भाग झाकायचा आणि खाली तळे उमटवायचे. या सगळ्या काळात कागद कोराच दिसतो. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवल्यावरच सगळे चित्र एकदम वर येते. त्यामुळे कोणती वस्तू कुठे येणार, याच्या खुणा आधीच साध्या कागदावर आखून ठेवाव्या लागतात. एक सेकंद किंवा एक सेंटिमीटर चुकला, तर नवा कागद घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सांधा दिसत का नाही?

पुठ्ठा कागदावर टेकवून स्थिर ठेवला तर कडेची रेघ उमटते. तो थोडा उंच धरून सतत हलवत राहिले, की कड विरघळते आणि एक प्रतिमा दुसरीत मिसळते. दुसरे गमक निगेटिव्हच्या निवडीत आहे. कागदावर प्रकाश पडेल तिथे काळेपणा येतो. एकदा आलेला काळेपणा नंतरच्या प्रकाशाने पुसता येत नाही. म्हणून पांढरे, मोकळे आकाश असलेली दृश्ये उपयोगी पडतात, कारण त्या रिकाम्या जागेत दुसरे काही उमटवता येते. प्रकाशाची दिशाही जुळावी लागते. कृष्णधवल माध्यमाचा फायदा असा, की सकाळचा पिवळसर आणि दुपारचा निळसर प्रकाश यांतला फरक त्यात दिसत नाही.

हे तंत्र नवे होते का?

नाही. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये ३० हून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मृत्युशय्येवरील मुलीचे दृश्य रचले. म्हणजे छायाचित्र ‘जसेच्या तसे’ असते, हा समज आणि त्याला दिलेला छेद हे दोन्ही जवळपास छायाचित्रणाइतकेच जुने आहेत. फोटोशॉप बाजारात आले १९९० मध्ये. त्यातील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही नावे डार्करूममधूनच आली. प्रकाश अडवून एखादा भाग उजळ ठेवणे म्हणजे डॉज, जास्त प्रकाश देऊन तो गडद करणे म्हणजे बर्न.

मग ही फसवणूक का नाही?

तरंगते झाड स्वतःच सांगते, की हे घडलेले नाही. पाहणारा फसत नाही, तो कोड्यात पडतो. धोका असतो तो अगदी साध्या, शक्य वाटणाऱ्या चित्रात: सभेत वाढवलेली गर्दी, कुणाच्या शेजारी उभा केलेला नेता. ‘हे घडले’ असा दावा करणाऱ्या वृत्तछायाचित्रात काही जोडणे किंवा वगळणे म्हणूनच गैर मानले जाते.

व्हॉट्सअॅपवर आलेले चित्र पुढे पाठवण्यापूर्वी युल्समन जे तपासत तेच आपणही तपासू शकतो. सावल्या एकाच दिशेला पडल्या आहेत का? केसांच्या, बोटांच्या कडा अवतीभवतीच्या दृश्यात नीट मिसळतात का? मात्र एआयच्या चित्रात सांधाच नसतो, त्यामुळे नजर पुरेलच असे नाही. अशा वेळी चित्र कुणी, कुठे आणि कधी टिपले, याचे उत्तर मिळेपर्यंत ते पुढे न पाठवणे हेच बरे.